ओबेलिस्कोचा नर आणि मादी

सांतो दोमिंगो (डोमिनिकन रिपब्लिक), २७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

'तिकडचे पुढारी कसे गं?' असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा कंपनीची बस आली म्हणून घाईत फोन ठेवला. आता लिहिते. इतिहास शिकवलेल्या बाईला अर्धवट उत्तर कसं द्यायचं!

इथे समुद्राच्या कडेने मालेकोन नावाचा रस्ता आहे. त्यावर एक उंच स्तंभ आहे, इथल्या भाषेत 'ओबेलिस्को'. १९३६ साली हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने राजधानीला स्वतःचंच नाव दिलं, त्याचं स्मारक म्हणून तो पुढच्या वर्षी उभारला. पुढे थोड्या अंतरावर दोन सुळक्यांचा आणखी एक आहे. लोक पहिल्याला 'माचो' म्हणतात, म्हणजे नर, आणि दुसऱ्याला 'एम्ब्रा', म्हणजे मादी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसमध्येच हसले.

त्रुहियोने १९३० ते १९६१ असं एकतीस वर्षं राज्य केलं. पिसांची टोपी, छातीभर पदकं. पोरंटोरं त्याला पाठीमागे 'चापितास' म्हणत, म्हणजे बाटलीची बुचं. हा मर्द गडी रंग उजळ दिसावा म्हणून तोंडाला पावडर फासायचा. बायकांना मताचा हक्क त्याच्याच राजवटीत, १९४२ साली मिळाला; पण त्याची नजर पडू नये म्हणून लोक आपल्या मुली लपवत.

इथे 'तिगेरे' म्हणून शब्द आहे, मूळ 'वाघ'. आपला वाघ शूर असतो, यांचा वाघ चलाख. कुठूनही सुटतो, बायका फिरवतो, खिशात दमडी नसली तरी इस्त्रीचा शर्ट घालतो. शिवी म्हणावी तर कौतुक, कौतुक म्हणावं तर शिवी. त्रुहियो साध्या घरातून वर आला, म्हणून लोकांना तो तिगेरेच वाटला. 'ह्याला जमलं तर आपल्यालाही जमेल' असं पुरुषांना वाटत असणार, हा माझा अंदाज.

हुकूमशाही गेली, बाप मात्र राहिला. २०१२च्या निवडणुकीत माजी अध्यक्ष ईपोलितो मेहिया यांची घोषणा होती 'येगो पापा', म्हणजे 'पप्पा आले'! (आपल्याकडच्या दादा-भाऊंच्या फलकांवर हसू नकोस.) ते हरले. जिंकलेल्या दानिलो मेदिना यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून मार्गारिता सेदेनो निवडून आल्या. बाई हुशार, वकील. पण ओळख आधी मावळत्या अध्यक्षांची पत्नी अशीच. अध्यक्षपदावर बाई अजून बसलेली नाही.

परवा २५ तारीख होती. १९६० साली त्याच दिवशी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबल बहिणींना त्रुहियोच्या माणसांनी मारून गाडीसकट दरीत ढकललं. मिनेर्वा आणि मारिया तेरेसा यांच्या तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून त्या परतत होत्या. बायकांवरील हिंसाचाराविरुद्धचा जगाचा दिवस यावरून आला. आणि १९९७ साली त्या 'माचो' स्तंभावर याच बहिणी रंगवल्या.

संध्याकाळी तिथून येताना टॅक्सीवाला म्हणाला, "आता इथे एक त्रुहियोच पाहिजे." असं इथे बरेचजण म्हणतात. घरी आल्यावर मालकीणबाईंना सांगितलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. डाळ ढवळता ढवळता म्हणाल्या, "त्याला सांग, त्यांची मोटार गावात आली की मी माळ्यावर असायचे. तांदळाच्या पोत्यांमागे."

स्तंभाचा फोटो पाठवते. बाबांना गुडघ्याचं तेल लावायची आठवण कर.

तुझी,
मनू