तांबडा रस्सा लंडनला येताना

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं. काकूंचा गुडघा आता बरा आहे आणि त्या जिना चढायला लागल्या हे वाचून जिवात जीव आला. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मात्र कालपासून डोक्यात घोळतंय. लंडनमध्ये तिसरं हॉटेल काढायचा तुझा बेत, आणि त्यावर दिरांचं म्हणणं, तिकडे बटर चिकन, नान आणि मँगो लस्सी एवढ्यावरच धंदा चालतो, तांबडा-पांढरा रस्सा तिकडे कोण विचारतो! आणि त्याखाली तुझं एक वाक्य: "त्यांचंच खरं असेल." अगं, नाही. इथल्या हॉटेलांचं स्वयंपाकघर आणि हिशेबाची वही दोन्ही जवळून बघून सांगते, ते खरं नाही. आपल्या मुंबईच्याच दोघी सख्ख्या बहिणींनी, कॅमेलिया आणि नमिता पंजाबी यांनी, या शहरात ते खोटं करून दाखवलंय. त्यांची गोष्ट तुला माहीत असायला हवी, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

त्या आल्या तेव्हा इथे काय होतं ते आधी सांगते. या देशातली बहुतेक 'इंडियन' हॉटेलं आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातल्या लोकांनी उभी केली. त्यांतले सुरुवातीचे कितीतरी जण जहाजांवरचे खलाशी. बंदरात उतरले, कुणी भांडी घासली, कुणी चहाचं छोटं दुकान घेतलं आणि महायुद्धानंतर गावोगावी करी हाउस निघाले. त्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. मध्यरात्रीपर्यंत चूल पेटती ठेवून त्यांनी इंग्रजांच्या जिभेला मसाल्याची सवय लावली, आणि त्या सवयीवरच आपण सगळे पोट भरतो. पण जगण्यासाठी त्यांना एक युक्ती करावी लागली. सकाळी कांद्याची एकच मोठी ग्रेव्ही शिजवून ठेवायची. संध्याकाळी त्यात क्रीम टाकलं की कोर्मा, जरा मिरची टाकली की मद्रास, भरपूर टाकली की विंदालू. गोव्यात विंदालू म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि डुकराचं मांस, मुरवत ठेवायचा पदार्थ. इथे तो तिखटाचा आकडा होऊन बसला. तुझे दीर ज्याला लंडनची चव म्हणतात ती ही. ती गरजेतून आली होती. गिऱ्हाइकाला दुसरं काही चालणार नाही, असं कुणी ठरवून पाहिलं नव्हतं.

कॅमेलिया पंजाबी ताज हॉटेल समूहात मोठ्या पदावर होती. भारतभर हिंडून घराघरांत काय शिजतं हे तिने बारकाईने पाहिलेलं. 1982 च्या डिसेंबरात ताजने साउथ केन्सिंग्टनमध्ये 'बॉम्बे ब्रासरी' उघडलं ते तिच्या पुढाकाराने. लाल भडक वॉलपेपर नाही, अंधार नाही. उंच छत, पंखे, झाडं, ऐसपैस जागा. आणि मेन्यूवर मुंबई: शेव-बटाटा-पुरी, पारशी पदार्थ, गोव्याची माशाची आमटी. चौपाटीवर द्रोणात खातो ते इथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर आलं, आणि लोकांनी त्याचे चांगले पैसे मोजले. सगळ्या भारताचं एकच जेवण असतं, हा समज तिथे पहिल्यांदा जोरात हलला असं मला वाटतं.

मग 1990 मध्ये तिची बहीण नमिता आणि नमिताचे पती रणजित मथरानी यांनी चेल्सीतल्या किंग्ज रोडवर 'चटणी मेरी' सुरू केलं. हे स्वतःच्या हिमतीवर, मागे कुठलाही हॉटेल समूह नाही. रणजित आधी इथल्या सरकारी सेवेत आणि मग बँकिंगमध्ये होते, त्यामुळे आकड्यांची बाजू घरातच पक्की. सुरुवातीला त्यांनी अँग्लो-इंडियन, म्हणजे इंग्रजी-भारतीय मिश्र वळणाचं जेवण मुख्य ठेवलं, कारण इंग्रज गिऱ्हाइकाला ती ओळखीची वाट होती. पण आत चुलीवर वेगवेगळ्या प्रांतांतले आचारी, ज्याच्या त्याच्या हाताला ज्याचं त्याचं जेवण. हळूहळू अँग्लो-इंडियन मागे सरकलं आणि प्रांताप्रांतांचं जेवण पुढे आलं. दिरांना हे वाचून दाखव. गिऱ्हाइकाला आत आणायला त्यांनी दार ओळखीचं ठेवलं. ताटातलं मात्र पातळ केलं नाही.

पुढे नव्वदच्याच दशकात त्यांनी 'वीरस्वामी' घेतलं. रीजंट स्ट्रीटवरचं हे हॉटेल 1926 पासूनचं, ब्रिटनमधल्या टिकून राहिलेल्या भारतीय हॉटेलांत सर्वांत जुनं. ते काढलं एडवर्ड पामर यांनी, ज्यांच्या रक्तात एक इंग्रज सेनानी आणि एक मोगल घराण्यातली बेगम दोघंही होते. नमिता आणि रणजित यांच्याकडे ते आलं तेव्हा नाव मोठं होतं, पण तेज उतरलं होतं. त्यांनी नाव आणि जागा जपली, स्वयंपाक नव्याने उभा केला. 2016 मध्ये त्याला मिशलिनचा तारा, म्हणजे हॉटेलांच्या त्या नावाजलेल्या मार्गदर्शिकेचा मान, मिळाला. नव्वद वर्षांच्या हॉटेलाला! मला त्या ताऱ्यापेक्षा तिथवरची सबुरी मोठी वाटते. मोडकळीला आलेलं नाव विकत घेऊन त्यावर रंग मारून पैसे काढणारे मी इथे पुष्कळ पाहिलेत.

आता मला सर्वांत जवळचं वाटतं ते सांगते. 2001 मध्ये त्यांनी सोहोमध्ये 'मसाला झोन' काढलं. ताज सोडून कॅमेलियाही त्या सुमारास यांच्यात आली. एकीकडे उंची हॉटेलं असताना या लोकांनी थाळी विकायला काढली! ऑफिसातून पाय मोकळे करायला बाहेर पडलेल्या माणसासाठी, विद्यार्थ्यासाठी, अर्ध्या तासात जेवून परत जाणाऱ्यासाठी. वाट्या, भाजी, डाळ, भात, पोळी, कोशिंबीर, चटणी. इंग्रज माणसाला जेवणाचे क्रम लागतात, आधी हे, मग ते. थाळीत सगळं एकदम समोर येतं आणि काय कशाबरोबर खायचं हे त्याचं त्याला ठरवायचं असतं. हेही त्यांनी बदललं नाही, शिकवलं. आणि भिंती? आपल्याकडचे वारली कलाकार बोलावून त्यांच्याकडून रंगवून घेतल्या. डहाणूकडच्या झोपडीच्या कुडावरची तारपा नाचाची रांग लंडनच्या मधोमध! आपल्या पालघर-ठाण्याकडची माणसं इतक्या लांब येऊन भिंतीवर आपलं जग मांडून गेली, हे आठवलं की आजही ऊर भरून येतो.

तारे मिळालेली हॉटेलं सगळे वाखाणतात. माझ्या मते यांच्या कामातलं सर्वांत अवघड काम थाळी हेच होतं. महागड्या ताटात चुकीला जागा असते, कारण मार्जिन असतं. स्वस्त थाळीत रोज तीच डाळ, तोच फोडणीचा वास, तेच वजन, आणि तेही एका जागेहून दुसऱ्या जागी. त्यासाठी मसाले मोजून भरलेले लागतात, प्रत्येक पदार्थाची लिहिलेली कृती लागते आणि ती पाळतात की नाही हे चाखणारा माणूस लागतो. तुझ्या दोन्ही ठिकाणचं पिठलं सारखं लागतं ते तू रोज दोन्हीकडे जातेस म्हणून. तिसरी जागा सात समुद्रांपलीकडे असली तर कोण चाखणार, हा प्रश्न आत्ताच स्वतःला विचार.

2004 मध्ये बेलग्रेव्हियात 'अमाया' आलं. इथे स्वयंपाक गिऱ्हाइकासमोर: तंदूर, कोळशाची सिगडी आणि तवा. पदार्थ तयार होईल तसा टेबलावर येतो, सगळ्यांनी मिळून खायचा. त्यालाही 2006 मध्ये मिशलिनचा तारा मिळाला. 'चटणी मेरी' 2015 मध्ये किंग्ज रोडवरून सेंट जेम्सला गेलं, आणि 2023 मध्ये 'मसाला झोन' पिकॅडिली सर्कसला क्रायटेरियन या जुन्या नामांकित हॉटेलच्या सोनेरी छताच्या, एकोणिसाव्या शतकातल्या दालनात शिरलं. नीट बघ, यात एकाची नक्कल दुसरं नाही. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा, येण्याचं कारण वेगळं. एक मंदावलं तर दुसरं तरतं. हे काही एका वर्षात उभं राहिलं नाही.

आता हिशेबाची बाजू. ही तुला गोड लागणार नाही, पण कळायला हवी.

पहिली गोष्ट जागा. इथे हॉटेलची जागा लांब मुदतीच्या करारावर घेतात. बहुधा दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होतो, आणि आजवरच्या बऱ्याच करारांत भाडं वरच जाऊ शकतं, खाली नाही. करार संपताना काय होईल हे पहिल्या दिवशीच वकिलाकडून वाचून घे. 'वीरस्वामी'चंच बघ. शंभरी जवळ आली आणि इमारतीच्या मालकाने करार वाढवायला नकार दिला, प्रकरण कायद्याच्या वाटेला गेलं. शंभर वर्षांचं नावही भाडेकरूच असतं.

दुसरी गोष्ट माणसं. चटणी मेरीच्या वेळी प्रांताप्रांतांतून आचारी आणता आले. आता तो रस्ता अरुंद झालाय. 22 जुलै 2025 पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या तोडीची लागते, आणि आचाऱ्याचं काम त्यात बसत नाही. म्हणजे तुझ्या शंकरमामांसारखा हात इथे आणता येईल हे गृहीत धरू नकोस. इथल्या माणसांना शिकवावं लागेल. एप्रिल 2025 मध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला तासाला किमान 12.21 पौंड द्यावे लागत होते, त्यावर मालकाचा राष्ट्रीय विम्याचा 15 टक्के हिस्सा वेगळा. बिलावर 20 टक्के व्हॅट सरकारचा. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सर्व्हिस चार्जची पूर्ण रक्कम नोकरांना वाटणं कायद्याने बंधनकारक आहे, ते मला अगदी योग्य वाटतं. दीर ज्या बटर चिकनच्या जोरावर आकडे मांडतायत, त्यात यातलं किती धरलंय ते विचार. बटर चिकन विकणारी शंभर दुकानं त्याच रस्त्यावर आहेत, तिथे तुला फक्त भावात लढावं लागेल. भावात तू हरशील, कारण ती माणसं या धंद्यात दोन-तीन पिढ्या मुरलेली आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. इथलं पहिलं भारतीय हॉटेल 1810 मध्ये निघालं होतं. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद, पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस', हुक्क्यासकट. दोन वर्षांत, 1812 मध्ये, त्यांचं दिवाळं निघालं. चव वाईट होती म्हणून नव्हे. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी ते काढलं त्यांच्या घरीच भारतीय जेवण रांधणारे लोक होते, आणि जागा चालवायचा खर्च मोठा. ते खचले नाहीत, पुढे ब्रायटनला स्नानगृह काढून नावारूपाला आले. तुला हे यासाठी सांगते की पदार्थ उत्तम असूनही गिऱ्हाईक कोण हे ठरलं नसेल तर जागा बंद पडते.

म्हणून माझा आग्रह असा. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं मटण, भाकरी, भरलं वांगं, थालीपीठ, सोलकढी. एवढंच. लहान जागा, लहान मेन्यू. तिखट कमी करायचं असेल तर ते पांढऱ्या रश्श्याला करू दे, तो मुळात सौम्यच आहे, त्यात नारळाचं दूध आहे, खसखस आहे. तांबड्याला हात लावू नकोस. भाकरी थापताना दिसेल अशी चूल दर्शनी ठेव, लोक बघत उभे राहतील. रश्श्याची वाटी परत भरून द्यायची आपली पद्धतही तशीच ठेव. इथे सहसा कुणी देत नाही.

दिरांशी भांडू नकोस. ते पैसे घालणार आहेत, त्यांची भीती खरी आहे. त्यांना एक दिवस माझ्याबरोबर पाठव, मी त्यांना आधी थाळी खाऊ घालीन आणि मग हिशेब दाखवीन.

तोवर तू एवढं कर. वरच्या प्रत्येक पदार्थाची कृती मोजून, ग्रॅममध्ये, लिहून पाठव. "अंदाजाने" हा शब्द त्यात नको. कांदा-लसूण मसाल्याचीही पाठव, इथे मिळणारी मिरची घेऊन मी तो करून बघते. रंग जमेल, वासाची खात्री नाही, तेव्हा तुझ्या हातचा थोडा नमुना येणाऱ्याबरोबर दे. आणि दुसऱ्या जागेचा गेल्या वर्षाचा जमाखर्च पाठव, लपवाछपवी न करता.

काकूंना नमस्कार, पोरांना खूप खूप माया. लवकर लिही.

तुझीच,
सखी