वायकाटोच्या मार्गदर्शकांना, गडचिरोलीहून

आदरणीय मॅडम आणि विभागातले सगळे,

जय सेवा!

इंग्रजीतलं आभाराचं पत्र तुम्हाला कधीच पोचलंय. हे मराठीत आणि उघडपणे लिहितेय, कारण माझ्यामागून आमच्या भागातलं कुणी पीएचडीला परदेशी निघालं, तर मार्गदर्शक कसा पारखायचा हे त्याला कळावं.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचं वायकाटो विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे, तिचीच गोष्ट तुम्ही मला आधी सांगितलीत. १८६३-६४च्या युद्धानंतर इंग्रजी सत्तेनं वायकाटोच्या माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. १९९५च्या तडजोडीत तिचा लहानसा भाग परत आला, १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई ठरली, सरकारनं कायद्यातच माफी मागितली. विद्यापीठाची जमीनही तेव्हाच टाइनुई लोकांच्या, म्हणजे याच वायकाटोच्या माओरींच्या, मालकीची झाली आणि विद्यापीठ तिथं भाडेकरू झालं. या वाटाघाटींत पुढे होते रॉबर्ट महुता, याच विद्यापीठाच्या माओरी अभ्यास केंद्राचे संचालक. अभ्यास करणारा माणूसच दावा घेऊन सरकारसमोर बसतो, हे ऐकून मला आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचा अभ्यासगट आठवला. तिथंही लोकांनी आधी कायदा वाचला, चर्चा केली, मग २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याला कुणी विद्यापीठाचा विषय म्हणत नव्हतं. निदान मला तरी कुणी तसं शिकवलं नव्हतं.

माझा विषय आमच्याच भागातल्या ग्रामसभांचा. मुलाखतीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी तुम्ही विचारलंत, की गावानं हो म्हटलंय का, आणि काम झाल्यावर गावाला काय मिळणार? एकेका माणसाच्या संमतीपत्रासोबत ग्रामसभेचा ठरावही जोडायचा, हा आग्रह तुमचाच. ठराव व्हायला वेळ लागला. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता, पाड्यावर दिवसा माणूस सापडेना. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

ग्रामसभेनं परवानगी दिली ती एका अटीवर: पेनठाण्यांच्या, म्हणजे आमच्या गोंड देवस्थानांच्या, जागा आणि वैदूंची झाडपाल्याची माहिती छापायची नाही. माझं आख्खं एक प्रकरण त्यातच होतं. मी कळवलं तेव्हा विभागातल्या दुसऱ्या सरांनी (मला वाटतं, त्यांना हे नवीन नव्हतं) सुचवलं की लोकांनी काय राखून ठेवलं ते लिहू नकोस. राखून ठेवायचं कसं ठरवलं, कोण काय बोललं, बायकांनी कुठे अडवलं, तेवढं लिही. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते त्याच प्रकरणावर.

बाकी उपकारांची यादी लांब आहे. शिष्यवृत्तीचे पैसे रखडले तेव्हा विभागातल्या सल्लागार ताईंनी मुदतवाढीचा अर्ज माझ्याशेजारी बसून भरला. टोंगा आणि सामोआच्या मैत्रिणींसोबत लिहायला बसायची खोली तुम्हीच मिळवून दिलीत. आणि माराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, पहिल्यांदा स्वतःची ओळख सांगताना मी ‘आम्ही सहा देवांचे, आमची नदी वैनगंगा’ म्हणाले, तेव्हा कुणी भुवया उंचावल्या नाहीत. उलट कौमातुआ, म्हणजे तिथले ज्येष्ठ, जेवताना विचारत बसले की सहा देवांची सोयरीक कुणाशी जुळते (आम्हा गोंडांत कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात आणि लग्नं त्यावरूनच जुळतात). पुण्यात शिकताना हे सांगायला मी बिचकायचे.

प्रबंधाची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात दिली आहे. गोंडीतला सारांश आवाजात नोंदवून घेतलाय, आणि तो बचतगटाच्या बैठकीत ऐकवला. तिथं दोन दुरुस्त्या निघाल्या, त्या वेगळ्या पाठवते.

तुम्ही गावात येऊ म्हणाला होतात. मे महिन्यात नको, सगळे जंगलात असतात. धानाची कापणी आटोपली की या. उतरायची सोय आमच्या घरी आहे, पण गावात बैठक घ्यायची असेल तर ग्रामसभेला आधी पत्र लागेल. तेवढं तुम्हीच लिहा.

तुमची विद्यार्थिनी