तारा बसवण्यापूर्वी बाजूचा चेहरा पाहिला जावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘एकही दात न काढता काही महिन्यांत सरळ दात’ अशा आशयाच्या जाहिराती हल्ली रस्त्यावरच्या फलकांपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र दिसतात आणि त्याच वेळी ‘दात काढले की चेहरा बसतो’ ही भीती पालकांच्या मनात घर करून असते. दंतव्यंगोपचार, म्हणजे वाकडे किंवा पुढे आलेले दात तारांनी जागेवर आणण्याचे शास्त्र, हा विषय मी अनेक वर्षे शिकवला. दात काढावेत की काढू नयेत, याचे उत्तर घोषणेतून मिळत नाही. ते त्या व्यक्तीचा चेहरा बाजूने पाहिल्याशिवाय देताच येत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वरच्या ओठाला आतून आधार असतो तो पटाशीच्या दातांचा. हे दात मागे घेतले की ओठही मागे येतो, मात्र दात जितके सरकतात तितका वरचा ओठ सरकत नाही. तो साधारण निम्म्याच्या आसपास आणि ओठ जाड असेल तर त्याहूनही कमी सरकतो. खालचा ओठ दातांच्या हालचालीला अधिक साथ देतो. ओठ मागे गेल्यावर नाकाचा तळ आणि वरचा ओठ यांच्यामधला कोन, जो सर्वसाधारणपणे ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असतो, मोठा होतो आणि नाक व हनुवटी तुलनेने पुढे दिसू लागतात. हे सारे बदल मिलिमीटरमध्ये मोजायचे असले, तरी चेहऱ्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फरकही घरच्यांच्या लगेच लक्षात येतो.

आता दोन रुग्णांचा विचार करू. एका तरुणीचे वरचे आणि खालचे असे दोन्ही पुढचे दात बाहेर झुकलेले आहेत, ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो आणि त्या प्रयत्नात हनुवटीवर सुरकुत्या पडतात. अशा वेळी वर-खाली, डावी-उजवी अशा चारही बाजूंची एकेक उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) काढून, प्रत्येकी सुमारे ७ मिलिमीटरच्या त्या जागेत पुढचे दात मागे घेतले, तर ओठ सहज मिटतात आणि चेहऱ्यावरचा ताण जातो. दुसऱ्या तरुणीचेही वरचे दात पुढे दिसतात, पण तिचा मूळ दोष खालचा जबडा लहान असण्यात आहे. तिचे नाक ठसठशीत आहे आणि वरचा ओठ आधीच सपाट आहे. तिच्या वरच्या उपदाढा काढून दात मागे ओढले, तर दात एका रेषेत येतील, चावाही जुळेल, पण नाक अधिक मोठे आणि हनुवटी तितकीच आखूड दिसेल. समोरून हसताना काढलेल्या छायाचित्रात या दोघींमधला फरक ओळखू येत नाही. याउलट, जबड्यात दाटी असूनही दात न काढण्याचा हट्ट धरला, तर दात बाहेर ढकलले जातात, ओठ फुगतात आणि काही रुग्णांच्या हिरड्याही खाली सरकतात.

हा वाद नवा नाही. या शास्त्राचे प्रवर्तक मानले जाणारे एडवर्ड अँगल सर्व दात राखण्याच्या ठाम मताचे होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी चेहरा बिघडलेल्या आपल्या रुग्णांवर पुढे उपदाढा काढून पुन्हा उपचार केले. १९३१ मध्ये डोक्याचा बाजूने, ठरावीक अंतरावरून क्ष-किरण काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेषा ओढून ओठ तिच्या किती मागे आहेत हे पाहण्याची दंतव्यंगतज्ज्ञ रिकेट्स यांची रीत आजही वापरली जाते. मात्र तिची मूळ प्रमाणे गौरवर्णीय अमेरिकनांच्या चेहऱ्यांवर बेतलेली आहेत. आपल्याकडचे ओठ स्वभावतः काहीसे भरलेले असतात, त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही. शिवाय वयानुसार नाक वाढत राहते आणि ओठ पातळ होत जातात. चौदाव्या वर्षी अति सपाट केलेला चेहरा चाळिशीत अकाली उतरलेला दिसू शकतो.

लग्न ठरण्याच्या सुमारास येणाऱ्या तरुण-तरुणींना हे विशेष सांगायला हवे. दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो आणि उपदाढा काढून केलेल्या पूर्ण उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात. वाढ संपल्यावर तारा दात हलवतात, जबडा नाही. जबड्यातला मोठा दोष शस्त्रक्रियेशिवाय सुधारत नाही. लहान मुलांच्या बाबतीत संधी अधिक असते. वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला आठ-दहा वर्षांच्या सुमारास चेहऱ्यावर लावण्याचे उपकरण दिले, तर चांगला उपयोग होतो. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांना वयात येण्याच्या काळात काढ-घाल करण्याजोगी उपकरणे देतात, पण त्यांचा बराचसा परिणाम दातांवर आणि थोडाच जबड्यावर होतो, हे पालकांना आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे, की तारा बसवण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाचे ओठ सैल सोडून काढलेले बाजूचे छायाचित्र आणि बाजूचा क्ष-किरण घेतला जावा, दात काढल्यास आणि न काढल्यास चेहरा कसा दिसेल हे त्याला समजावून सांगितले जावे आणि ठरलेली योजना लेखी दिली जावी. दंत परिषदेने या नोंदी सक्तीच्या कराव्यात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांचा समावेश आहेच. शाळेत आरोग्य तपासणीसाठी येणाऱ्या त्या कार्यक्रमाच्या पथकांनी किडके दात पाहताना मुलाला बाजूला वळवून जबड्याची ठेवणही पाहिली आणि गरज वाटल्यास त्याला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले, तर ज्या घरांना खासगी दवाखाना परवडत नाही तिथल्या मुलांवरही योग्य वयात उपचार होऊ शकतील.

आपला,
दंतव्यंगोपचाराचा एक निवृत्त अध्यापक, सांगली