बाप-लेकरांची चित्रपुस्तकं मराठी-कन्नड दोन्हीत हवीत

मा. संपादक,

मोठ्यांच्या पुस्तकांवर पेपरात भरपूर येतं, पण तीन-चार वर्षांच्या पोरांना मांडीवर घेऊन वाचायच्या पुस्तकांबद्दल कोण लिहीत नाही म्हणून हे पत्र.

सॅम मॅकब्रॅटनी हे उत्तर आयर्लंडचे लेखक, त्यांचं सशांचं एक चित्रपुस्तक 1994 ला आलं आणि पन्नासच्या वर भाषांत गेलं. त्यात काय आहे तर झोपायच्या वेळी पिल्लू हात पसरून मोठ्या सशाला दाखवतं की तू मला एवढा आवडतोस, पण मोठ्याचे हात जास्त लांब, मग उंची, मग उड्या, असं वाढतच जातं. माझ्याकडं इंग्लिश प्रत आहे, मुलीला वाचताना मी तोंडानंच मराठी करतो. एकदा मधेच मला थांबवून म्हणाली, पप्पा, तू मला इथनं राजहंसगडापर्यंत आवडतोस, पार वर चढून! आपल्याकडं बापाला असं कोण बोलून दाखवतंय सांगा. आईवर ओव्या, कविता ढीगभर, बापाच्या वाट्याला नुसता धाक. पुस्तक मधे असलं की पोरं सहज बोलून जातात आणि बापालाही काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

आता आपल्या सीमाभागाचं बघा. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारची मैत्रीण कन्नड बोलणारी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयात एकच पुस्तक त्याच चित्रांसकट वेगवेगळ्या भारतीय भाषांत निघतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर तर 2015 पासून मराठी, कन्नड गोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढा, स्वतः भाषांतर करून टाका, सगळ्याला परवानगी आहे. मग दोघी पोरी एकच पुस्तक आपापल्या भाषेत वाचतील की, चित्रं तर तीच.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं, गावोगावी पण वाचनालयं आहेत, तिथं पोरांच्या हाताला येईल असा एक खालचा कप्पा ठेवायला काय हरकत आहे? मराठी शाळांच्या बाईंनी, गुरुजींनी अशा गोष्टी आपल्या इथल्या बोलण्यातल्या मराठीत आणाव्यात, कन्नड शिक्षकांनाही सोबत घ्यावं. आणि तुम्हाला एक विनंती, आठवड्याला अशी एक मोकळ्या परवान्याची गोष्ट लेखक-चित्रकाराचं नाव देऊन चित्रासकट छापा. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, पण पेपर पोचतो.

– एक पालक, येळ्ळूर (ता. बेळगाव)