पाल्पाच्या दिदी, तुमचे आभार मानायचेत

प्रिय दिदी, जयमसीह! आणि आमच्या नगरच्या पद्धतीने सलाम!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चची पोरं घेऊन आम्ही नेपाळला तुमच्याकडे पाल्पाला राहून आलो, त्याबद्दल फोनवर थँक्यू म्हणून झालंय, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडून झालेत, पण त्याने माझं मन भरत नाहीये म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. लिपी एकच असल्यामुळे निम्मं तुम्हाला वाचून कळेल, राहिलेलं शनिवारी तुमची उपासना झाली की फोनवर सांगते. आणि उघडपणे लिहायचं अजून एक कारण म्हणजे आमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, तरुण संघ सध्या नेपाळला मिशन ट्रिप काढायचं म्हणतायत, त्यांनाही कळू दे की तुम्ही आमच्यासाठी काय केलंत.

सगळ्यात आधी त्या फोनबद्दल आभार. आम्ही निघायच्या आधी पाळकसाहेबांनी तुम्हाला विचारलं होतं, आमच्या मुलांनी नाटिका बसवलीय, गाणी तयार आहेत, धर्मप्रचाराच्या पत्रिका छापून आणायच्या का, तुमच्या मंडळीला कशाची गरज आहे. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, पत्रिका आणू नका, चौकात संदेश नको, लोकांच्या घरात मोबाईल काढायचा नाही, आणि हो, तुमच्या पोरांना विळा चालवता येतो का?

येतो की! आमची निम्मी मुलं राहुरी शेवगावकडची, बाजरी काढत मोठी झालेली.

तुम्ही असं का सांगितलंत तेही तेव्हाच समजावून सांगितलंत. नेपाळमध्ये २०१८ पासून जी अपराध संहिता लागू झाली तिच्यात कुणाचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आम्ही काय, दिवाळीची सुट्टी संपली की सोनौलीची बॉर्डर ओलांडून घरी, पण मागे राहणार तुम्ही आणि तुमची मंडळी, आणि चौकशी आली तर तुमच्याच दारात येणार. मला वाटतं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक टीमने ही गोष्ट बॅग भरायच्या आधी समजून घेतली पाहिजे. तुम्ही एवढं स्पष्ट बोललात म्हणून आम्ही तिथं निर्धास्तपणे राहिलो.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बॉर्डर, मग बुटवलपासून वरचा घाट, तुमच्या पाल्पातल्या तानसेनला पोचेपर्यंत मुली अगदी गळून गेल्या होत्या. बसपार्कवर तुम्ही शाल गुंडाळून उभ्या. आम्हाला फार उशीर झाला होता तरी एका शब्दाने बोलला नाहीत, आधी गरम पाणी दिलंत हातपाय धुवायला, मग डाळभात आणि ती दह्यातली बटाट्याची चुकौनी, मेथीदाण्याची फोडणी घातलेली. आमच्या बटाट्याच्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच ती, एका मुलीने पहिल्या घासालाच म्हटलं ‘आई करते तशी’ आणि तिचा प्रवासाचा सगळा शीण तिथंच उतरला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला त्या आजीआजोबांकडे नेलंत. एक मुलगा कतारला, एक मलेशियाला, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात कोदो म्हणजे आपली नाचणी पिकून उभी, आणि काढायला माणूस नाही कारण गावातली सगळी तरणी पोरं परदेशात कामाला गेलेली. शेत एवढं अरुंद की दोन जण शेजारी उभे राहिले तर एकाने खालच्या पायरीवर उतरायचं. कणसं वळलेल्या मुठीसारखी, तेवढीच वरून कापायची आणि पाठीवरच्या त्या बांबूच्या टोपलीत टाकायची. टोपली तुमच्याकडे डोको, तिचा पट्टा कपाळावरून घ्यायचा तो नाम्लो. आमांनी, त्या आजींनी, आमच्या एकेका मुलाच्या कपाळावर तो पट्टा स्वतःच्या हाताने नीट बसवला, मान कशी ठेवायची, पायरी चढताना वजन कुठं घ्यायचं सगळं दाखवलं, आणि मग घरापर्यंत आमच्या मागोमाग चालत आल्या. ते हात मी विसरणार नाही.

शेत होईपर्यंत आम्ही रोज तिथं गेलो. तिथं कुणीही संदेश दिला नाही. शेवटच्या दिवशी अंगणात चहा घेताना आमाच तुम्हाला म्हणाल्या की माझ्या पोरांसाठी प्रार्थना कर. तुम्ही दोघांची नावं घेऊन प्रार्थना केलीत, आम्ही आमेन म्हटलं. ती तुमचीच प्रार्थना असायला हवी होती, कारण हिवाळ्यात आमांना खोकला झाला तर त्यांच्याकडे जाणाऱ्या तुम्ही आहात.

परत आल्यावर इथे काही जणांनी विचारलं, किती लोकांनी प्रभूला स्वीकारलं, रिपोर्टमध्ये आकडा टाका. मी आकडा टाकला नाही. त्यांचा हेतू चांगला होता हे मला माहितीये, दान त्यांनीच दिलं होतं, पण आमांच्या घराचा हिशोब असा मांडणं मला पटत नाही आणि त्यात तुमच्या वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्याला जागाच उरत नाही.

अजून एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही आम्हाला मिशन हॉस्पिटल बाहेरून दाखवलंत, जिथं तुमचा जन्म झाला, आणि सांगितलंत की हे ज्यांनी उभं केलं त्या युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना ५ मार्च १९५४ ला आपल्या नागपूरला झाली. नागपूरला! त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट फ्लेमिंग पक्षी बघत पाल्पाला आले होते, पुढच्या एका फेरीत डॉक्टर कार्ल फ्रेडरिक्स सोबत होते, त्यांनी पेशंट तपासले आणि लोकांची गरज बघून सरकारकडे परवानगी मागितली. आधी विचारलं, मग आले. आमच्या नागपूरचा हा धागा तानसेनच्या बाईकडून आम्हाला कळावा याचा मला फार आनंद झाला.

आणि ती शनिवारची उपासना. तुमच्याकडे सुट्टी शनिवारी म्हणून उपासनाही शनिवारी, चपला बाहेर, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे खाली बसलेले. जेवताना तुम्ही २५ एप्रिल २०१५ बद्दल बोललात, तोही शनिवार, ११ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा कितीतरी मंडळ्या उपासनेतच बसलेल्या. नंतर तुम्ही गोरखा जिल्ह्यात मदतीला गेलात, तिथं खूप टीम आल्या, आणि कामाला त्या आल्या ज्यांनी आधी विचारलं की तुम्हाला काय हवंय. आमच्याशी फोनवर तुम्ही एवढं स्पष्ट का बोललात ते मला तेव्हा पूर्ण कळलं.

आता माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी आमची टीम येण्याआधी तुम्ही इकडे या. केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं, बघायचंय असं तुम्ही म्हणाला होतात, ते नगरहून दौंडच्या पुढे लगेच आहे, मी स्वतः नेईन. महिला मंडळाने तुमच्या तिकिटासाठी पैसे वेगळे काढून ठेवलेत. आमच्या मुलांशी तुम्ही एक दिवस बोला, ट्रिप कशी काढायची ते तुम्हीच शिकवा. जानेवारी फेब्रुवारीत हवा चांगली असते, तुमच्या शेतीच्या कामातून कधी मोकळ्या होताय तेवढं कळवा, गोरखपूरहून रिझर्व्हेशन मी करते.

आमांना आणि बांना, म्हणजे त्या आजोबांना, आमच्या सगळ्या पोरांचा नमस्कार सांगा.

प्रभूमध्ये तुमची धाकटी बहीण,
अहिल्यानगरहून