ढाल्या आवाजाला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात आमच्या जालन्याच्या तरुण ऑपेरा गायकाची बातमी आली. मनापासून कौतुक केलेत, आभार. पण परदेशी जाऊनही त्याला अजून दुय्यम भूमिकाच मिळतात, असे त्यात एक वाक्य होते. तेव्हापासून भाजी घ्यायला गेले तरी लोक मला तेच विचारतात. शाळेत त्याला गाणे मी शिकवले आहे, म्हणून लिहिते.

वडील इथल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. नववीत मुलाचा आवाज फुटला तो थेट खर्जात गेला. समूहगानाच्या एका स्पर्धेत त्याला मागच्या रांगेत उभे केले होते. पट्टी ठरलेली काळी चार, म्हणजे त्याच्यासाठी फार चढी. बाकीची मुले वर गेली, याचा आवाज खाली घुमत राहिला. परीक्षकांनी शेरा दिला की मागच्या मुलाचा आवाज मिसळत नाही. घरी जाईपर्यंत तो पोरगा एक अक्षर बोलला नाही. मला त्या शेऱ्याची अजून चीड येते.

त्याला सावरले चर्चच्या गायनवृंदाने. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हापासून ख्रिस्ती उपासनेचे गाणे इथल्या मातीत आहे. त्या गायनात चार आवाज एकावर एक रचलेले असतात आणि तळाचा बास, म्हणजे सर्वांत ढाला पुरुषी आवाज, लागतोच. तिथे त्याच्या आवाजाला हक्काची जागा मिळाली. पुढे तो मुंबईत शिकला आणि आता युरोपातल्या एका ऑपेरागृहात उमेदवारी करतो आहे.

आता भूमिकांचे. ऑपेरा हे संगीत नाटकच, पण बहुतेक ऑपेरांत संवादही गाऊनच म्हणतात, तेही माइकशिवाय, मोठ्या वाद्यवृंदावरून. बास गायकाच्या वाट्याला राजे, पुरोहित, म्हातारे बाप आणि सैतान येतात. मोझार्टच्या 1791 च्या ‘द मॅजिक फ्लूट’मध्ये सारास्त्रो नावाचा पुरोहित आहे. त्याची प्रार्थना ज्या खालच्या स्वरापर्यंत उतरते, तो काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, गंधार. आपले गायक पहाटे तानपुऱ्यावर खर्ज भरताना तो लावतात. ऑपेरात तोच स्वर शेवटच्या रांगेतल्या माणसाला स्पष्ट ऐकू गेला पाहिजे, आणि चेहऱ्यावर ताण दिसता कामा नये. पंचविशीतल्या गळ्याला तो स्वर लागतो. पण तीन तासांचे नाटक, पुन्हा दोन दिवसांनी तेच नाटक, हे झेपायला गळा पिकावा लागतो. स्वरतंतू जितके लांब आणि जाड, तितका आवाज खाली. असा आवाज भरायला बहुधा तिशी उलटते. त्याआधी जोर लावून मोठ्या भूमिका गायल्या तर तंतूंना सूज येते, स्वर डळमळू लागतो, आणि एकदा मोडलेला गळा पुन्हा पहिल्यासारखा होईलच असे नाही. मोसंबीच्या नव्या झाडाचा बहार आपले शेतकरी पहिली काही वर्षे धरत नाहीत. तिथले गुरू हेच करतात. वेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधला फिलिप राजा, रात्रभर झोप न लागलेला एकाकी म्हातारा, ही प्रत्येक बासच्या मनातली भूमिका. आमच्या मुलाच्या गुरूंनी तिच्या स्वरलिपीची वहीसुद्धा इतक्यात उघडायची नाही, असे बजावले आहे. मला ते गुरू फार आवडले.

सध्या तो पुचिनीच्या ‘तोस्का’मध्ये तुरुंगाधिकारी होतो. भूमिका मोजक्या ओळींची. पहाटेची वेळ, कैद्याला गोळ्या घालायच्या आहेत. हा त्याचे नाव विचारतो आणि तुझ्याकडे एक तास उरला आहे असे सांगतो. कैदी बोटातली अंगठी देऊन पत्र लिहायची परवानगी मागतो. त्यानंतर कैद्याचे ते प्रसिद्ध गाणे सुरू होते. टाळ्या त्याला पडतात. पण त्या काही ओळी बेसूर किंवा सपाट गेल्या, तर पुढच्या गाण्याला मागे काही उरत नाही. फोनवर त्याने मला ‘एक तास’ एवढेच इटालियनमध्ये गाऊन दाखवले. आवाज चढवला नव्हता, तरी अंगावर काटा आला. याला दुय्यम कसे म्हणायचे?

फ्योदोर शाल्यापिन हा या आवाजातला जगाने मानलेला गायक. 1873 साली रशियातल्या कझानला गरिबाघरी जन्मला. लहानपणी मोच्याच्या हाताखाली काम केले. 1890 मध्ये उफा गावातल्या फिरत्या मंडळीत कोरसमध्ये उभा राहिला. तिफ्लिसला (आजचे जॉर्जियातले तिबिलिसी) दिमित्री उसातोव या जुन्या गायकाने त्याला फी न घेता शिकवले, तेव्हा कुठे त्याला वाट सापडली. तरीही पीटर्सबर्गच्या मोठ्या रंगमंदिरात त्याला आधी नीट काम मिळालेच नाही.

नाताळात आमचा मुलगा घरी येतो आहे. भव्य नागरी सत्काराची तयारी सुरू असल्याचे कळले. मोकळे मैदान, मोठे स्पीकर, आणि त्याने हिंदी चित्रपटगीते म्हणावीत असा आग्रह. आयोजकांना हात जोडून विनंती आहे, डिसेंबरची थंडी आणि धूळ यांत त्याला चढ्या पट्टीत गायला लावू नका. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात ठेवा. दोन-तीनच गाणी, माइक नको. पियानो वाजवणारे चर्चमध्ये आहेत. मराठी भक्तिगीतांना पेटी मी धरीन, पट्टी त्याला सोसेल ती.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, जालना