मावशी, तुम्हाला किती येत होतं!

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

सुट्टी लागायच्या आधी तुमचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साडी, फोटो. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं तुमची माया, तुमचा सेवाभाव, तुमचं पुण्याचं काम यांविषयी भरभरून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण तुम्हाला किती येतं, हे मात्र कुणीच बोललं नाही. मलाही बोलता आलं नाही. गळा दाटून आला आणि नुसती पाया पडून बाजूला झाले. ते राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात दिव्यांग मुलांच्या आपल्या विशेष शाळेत मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा मला वाटायचं, मुलांना जीव लावला की झालं. वर्गात आठ मुलं, एक बाई, तुम्ही आणि मी. आठातल्या पाचांना आधाराशिवाय बसताही येत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. खिडकीजवळच्या आपल्या मुलाला मी वरणभात भरवत होते. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या दोषानं स्नायूंवर ताबा राहत नसल्यामुळे, त्याची मान सारखी मागे जाते. व्हॅन यायची वेळ झालेली, म्हणून मी उभ्यानंच, वरून, घासावर घास देत होते. त्याला ठसका लागला. चेहरा लालबुंद, आवाज बंद. तुम्ही धावत आलात, त्याला पुढे वाकवलंत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं थापा मारल्यात आणि घास बाहेर पडला. मी रडत कोपऱ्यात उभी होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मुलं गेल्यावर मला त्याच्याच खुर्चीत बसवलंत, कपाळाला हात लावून माझी मान मागे केलीत आणि म्हणालात, ‘‘आता गीळ.’’ तोंडात नुसती लाळ होती, तरी गिळवेना. मग म्हणालात, ‘‘हनुवटी जरा छातीकडं घे. आता गीळ.’’ सहज गेली.

त्या दिवसापासून मी कधी उभ्यानं भरवलं नाही. त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. चमचा उथळ, घास अर्धा. गळ्याची हालचाल दिसल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही. जेवण झालं की अर्धा तास त्याला आडवं करायचं नाही. तुम्ही हे वर्षानुवर्षं करत आला होतात, आणि फिजिओ मॅडम दर आठवड्याला येऊन जे दाखवायच्या ते डोळ्यांत साठवून ठेवत होतात.

कपड्यांचंही तसंच. मी त्याचा आखडलेला हात ओढून बाहीत घालायला बघायचे, आणि ओढला की तो आणखी आखडायचा. तुम्ही सांगितलंत, घालताना कडक हात आधी, काढताना तो सगळ्यात शेवटी. आणि हात लावायच्या आधी त्याला सांगायचं, ‘‘आता उजवा हात घेते हं.’’ न सांगता उचललं तर कुणीही दचकेल. आपली मुलं दचकली की त्यांचं सगळं अंग ताठ होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एकदा वर्गात एकाला फिट आली. न्यायला आलेले एक पालक कांदा शोधायला धावले, कुणी चप्पल पुढे केली. तुम्ही आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंत. मग त्याला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवलात आणि कुणालाही त्याच्या तोंडात काही घालू दिलं नाहीत. ‘‘पाच मिनिटं झाली की दवाखान्याची गाडी बोलवायची, तवर कुणी हात लावायचा न्हाई.’’ दोन मिनिटांत थांबली. घड्याळ बघायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

पण मावशी, सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. आपली ती न बोलणारी मुलगी. मी तिला विचारायचे, ‘‘पाणी हवं का?’’ आणि लगेच ग्लास तिच्या तोंडाला लावायचे. एक दिवस तुम्ही माझं मनगट धरलंत. ‘‘थांब की गं जरा. इचारलंस न्हवं? मग उत्तर येऊ दे की.’’ मी मनात आकडे मोजत थांबले. आठवर आले तेव्हा तिचे डोळे हळूच वर गेले. वर म्हणजे हो. म्हणजे ती इतके महिने मला उत्तर देत होती, आणि तिचं उत्तर यायच्या आत मी ग्लास पुढे करत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधीच्या शाळेनं याच मुलीच्या आईला सांगितलं होतं, ‘‘तुम्ही दिवसभर इथे बसणार असाल तरच घेऊ.’’ २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण डायपर बदलणारं, भरवणारं, खुर्चीतून चटईवर उतरवणारं माणूस वर्गात नसेल, तर त्या मुलानं हा हक्क घेऊन बसायचं कुठे? घरीच. तुमच्यासारखी माणसं होती म्हणून ही मुलं दररोज शाळेत आली. लोक याला पुण्य म्हणायचे तेव्हा तुम्ही वैतागायचात, ‘‘पुण्यबिण्य न्हाई, काम हाय ते. नीट शिकून करायचं काम.’’ मला ते आता पुरतं पटलं आहे.

माझ्या हाताला तुम्ही वळण लावलंत, मावशी. मनापासून आभार. बी.एड. झालेल्या बाईंनीही तुमच्याकडून शिकल्याचं परवा माझ्याजवळ कबूल केलं, तेही इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता तुम्हाला हवी असलेली बातमी. खिडकीजवळचा आपला मुलगा जूनपासून चमचा धरतो आहे. जाड मुठीचा चमचा, तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून केलेला तोच. आधी मी त्याचा हात धरून वाटीपासून तोंडाजवळ न्यायचे आणि शेवटचं बोटभर अंतर त्याच्यावर सोडायचे, तुम्ही दाखवलं होतं तसं. मग वीतभर सोडलं. मागच्या गुरुवारी मी हात पूर्ण मागे घेतला. पहिला चमचा मांडीवर सांडला, दुसरा गालाला लागला, तिसरा तोंडात गेला. व्हॅनवाल्या दादांनी दोनदा हॉर्न दिला. बाई बाहेर जाऊन त्यांना थांबायला सांगून आल्या. वाटीत अजून सात-आठ घास होते, आणि ते त्याचे त्यानंच संपवले.

तुमची,
वर्गातली मदतनीस